सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा होतो : पॅनिक डिसऑर्डरबद्दल बोलूया

शेवंती (सोमवार, रात्री ११.१०)

बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलगी लवकर झोपली म्हणून बसले. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतली सकाळ, डोंबिवलीहून नेहमीची स्लो लोकल पकडली, लेडीज डब्यात चौथी का होईना सीट मिळाली होती म्हणजे तसा दिवस बराच म्हणायचा. मुंब्रा सुटल्यावर गाडी मध्येच थांबली. ती थांबतेच. मी मुलीच्या प्रोजेक्टचा चार्ट पेपर कुठून आणायचा याचा विचार करत होते, भांडण नाही, टेन्शन नाही, काही नाही. आणि एकदम छातीत असं धडधडायला लागलं की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकलंय, घामाने ब्लाउज भिजला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डब्यातल्या बायकांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे लांबून यायला लागले. मी आता मरतेय अशी माझी खात्रीच झाली. एका मावशींनी ओढणीने वारा घातला, एकीने लिमलेटची गोळी तोंडात घातली, कळव्याला दोघींनी धरून उतरवलं. तिथून रिक्षाने एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेले, तोपर्यंत निम्मं ओसरलं होतं. ईसीजी नॉर्मल. बीपी थोडं जास्त. "ॲसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका" म्हणून अर्ध्या तासात घरी.

दुसरा आला मॉलच्या बिलिंगच्या रांगेत. तिसरा रात्री दोन वाजता, गाढ झोपेतून उठवून. मग पुढच्या सहा महिन्यांत काय काय केलं बघा. पाच ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, चोवीस तास ते होल्टरचं मशीन छातीला लावून, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, एकदा घशाची दुर्बीण पण. सगळं नॉर्मल. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, खूप मायेने काढली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवरा म्हणायचा अगं रिपोर्ट चांगले आलेत तर आनंद मान ना. आणि मला दर नॉर्मल रिपोर्टनंतर जास्त एकटं वाटायचं, कारण मग मला होतंय ते काय आहे?

दरम्यान माझं जग आकसत चाललेलं. आधी फास्ट लोकल सोडली कारण ती मध्ये थांबत नाही. मग लोकलच सोडली. मग पूल. मग पूर्वेतून पश्चिमेला जायचं बंद. पर्समध्ये पाण्याची बाटली, ओआरएस, चार्ज केलेला फोन आणि हॉस्पिटलचा नंबर असल्याशिवाय भाजीलाही जात नव्हते. ऑफिसला घरून काम मागून घेतलं, प्रमोशन गेलं.

अकरा महिन्यांनी आमच्या फॅमिली डॉक्टर रजेवरून परत आल्या, त्यांनी सगळी फाइल बघितली, वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या याला नाव आहे, पॅनिक डिसऑर्डर, आणि याच्यावर चांगला इलाज आहे, ही चिठ्ठी घेऊन सायकॅट्रिस्टकडे जा. मी त्यांच्या केबिनमध्ये रडले. नाव मिळालं म्हणून रडले.

धागा काढायचं कारण एवढंच आहे. रिपोर्ट नॉर्मल आले की आपल्याला घरी पाठवतात, पण पुढे कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. पुढे जायला जागा आहे. माझे अकरा महिने गेले, तुमचे जाऊ नयेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, जे या क्षेत्रातले आहेत त्यांनी समजावून सांगा.

गवतीचहा (सोमवार, रात्री ११.४२)

ताई, झोपेतून उठवणारा अटॅक मलाही यायचा. मला वाटायचं झोपेत हार्ट बंद पडत होतं आणि शरीराने मला जागं केलं. चार महिने बसून झोपलोय मी खुर्चीत. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पुरुष माणसाने काय सांगायचं असं वाटायचं. आज पहिल्यांदा लिहितोय.

आडवाट_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७.१५)

शेवंती, फार बरं केलंत लिहिलंत ते. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी ओपीडीत बरीच वर्षं काढली, आता जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, डोस सांगणार नाही, पण हे आहे काय ते सांगते.

आधी एक फरक. पॅनिक अटॅक आणि पॅनिक डिसऑर्डर वेगळे. अटॅक म्हणजे भीतीची एकदम उसळलेली लाट, काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, टोकाला पोचते आणि मग ओसरते. असा एखादा अटॅक आयुष्यात खूप जणांना येऊन जातो, तेवढ्याने आजार होत नाही. आजार तेव्हा म्हणायचा जेव्हा काही कारण नसताना असे अटॅक परत परत येतात आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त माणूस "पुन्हा आला तर?" या धास्तीत राहतो किंवा वागणं बदलतो. शेवंतींनी पूल सोडला, लोकल सोडली, ते वागणं बदलणं. ते खूप वाढलं की त्याला ॲगोराफोबिया म्हणतात, म्हणजे जिथून पटकन निघता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागांची भीती.

आता शरीरात काय होतं. संकट आलं की पळायला किंवा लढायला शरीर तयार होतं, ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात पंप करतं, श्वास वाढतो, घाम येतो. बिबट्या समोर आला तर हे सगळं हवंच. पॅनिकमध्ये बिबट्या नसताना ही घंटा वाजते. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग आहे, भीतीच्या या यंत्रणेत त्याचा मोठा वाटा. मुंग्या का येतात? श्वास जोरात घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कलाइन होतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात म्हणून गरगरतं, कॅल्शियमचं गणित हलतं म्हणून बोटं बधिर होतात, कधी वळतात पण. म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटत असतं तेव्हा माणूस प्रत्यक्षात जास्त हवा घेत असतो. पेशंटला हे कागदावर काढून दाखवलं की कित्येकदा त्याचा चेहराच बदलतो.

आणि बेशुद्ध पडण्याची भीती सगळ्यांना असते. चक्कर येऊन माणूस पडतो तेव्हा बहुतेकदा बीपी एकदम खाली गेलेलं असतं. पॅनिकमध्ये ते सहसा वर जातं. त्यामुळे पॅनिकमध्ये शुद्ध हरपणं क्वचितच होतं.

कारणं एकाच शब्दात सांगता येत नाहीत. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास धरतात, बाकीचं आयुष्य घडवतं. स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट. सुरुवात बऱ्याचदा विशी-पंचविशीत. घरातला मृत्यू, बाळंतपण, नोकरी जाणं, मोठं आजारपण असं काहीतरी मागच्या वर्षात घडलेलं अनेकदा सापडतं, पण पहिला अटॅक त्या घटनेच्या दिवशी येतोच असं नाही, सगळं शांत झाल्यावर एखाद्या साध्या सकाळी येतो आणि म्हणून माणूस म्हणतो मला तर काही टेन्शनच नव्हतं. सिगरेट आणि जास्त कॅफिन यांचाही हात असतो.

शेवंती (मंगळवार, सकाळी ९.०५)

"सगळं शांत झाल्यावर" हे वाचून थांबले. बाबा गेले त्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये. त्यांचं सगळं मीच केलं, आयसीयूतले सतरा दिवस, दिवसकार्य, बँकेचे कागद, आईला इकडे आणणं. तेव्हा मी एकदम खंबीर होते, सगळे म्हणत होते. पाच महिन्यांनी गाडीत बसून चार्ट पेपरचा विचार करताना ते आलं. थेरपिस्टने विचारेपर्यंत मी या दोन गोष्टी कधी जोडल्याच नव्हत्या.

खडीसाखर (मंगळवार, दुपारी १.३०)

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. हल्ली प्रत्येक गोष्टीला डिसऑर्डर म्हणायची पद्धत पडलीय असं नाही वाटत का? आपल्या आजी-पणजीला कुठे असं व्हायचं. सकाळी लवकर उठून प्राणायाम, चालणं, सात्त्विक आहार, एवढं केलं तर मेंदूच्या गोळ्या खायची वेळ येणार नाही. गोळ्यांची सवय लागते हे मी घरात बघितलंय.

आडवाट_डॉक्टर (मंगळवार, रात्री ९.२०)

खडीसाखर, तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून नीट उत्तर देते.

आजी-पणजीला व्हायचंच. "हिला घाबरं होतं", "छातीत कळ येते, वैद्याला काही सापडत नाही", "अंगात येतं" यांतल्या सगळ्यांना नाही पण काहींना हेच होत असणार. १८७१ साली डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलंय, धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि तपासलं तर हृदयाचा ठोस आजार सापडत नाही. त्याला तेव्हा 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचं नाव होतं. म्हणजे बंदूक घेऊन लढणाऱ्या माणसांना होत होतं, मनाच्या दुबळेपणाचा काय संबंध. पुढे १९६० च्या आसपास डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी इमिप्रामिन हे औषध अशा पेशंटना दिलं तेव्हा अटॅक थांबले पण "पुन्हा येईल" ही धास्ती राहिली, म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात आलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानाच्या पुस्तकात पॅनिक डिसऑर्डर हे वेगळं नाव आलं. नाव नवं, त्रास जुना.

प्राणायाम, चालणं, झोप यांना माझा विरोध तर नाहीच, मी स्वतः सांगते. फक्त दोन गोष्टी. भस्त्रिका, कपालभाती असे जोरात श्वासाचे प्रकार पॅनिकच्या काही पेशंटना सुरुवातीला त्रासदायक होतात, वर कार्बन डायऑक्साइडचं सांगितलं तेच कारण. हळू आणि लांब उच्छ्वास चालतो. आणि दुसरं, ज्याला रोज अटॅक येतोय, नोकरी सुटायची वेळ आलीय, त्याला "लवकर उठ" सांगून घरी पाठवणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगण्यासारखं आहे.

सवयीबद्दल मात्र तुमचं निम्मं बरोबर आहे आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. गोळ्या दोन जातीच्या असतात. एक म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांच्यासारख्या, अर्ध्या-पाऊण तासात शांत करणाऱ्या. यांची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि बरेच महिने घेऊन अचानक बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. या थोड्या दिवसांसाठी, हिशोबाने द्यायच्या असतात, चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. दुसरी जात म्हणजे एसएसआरआय, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटिन वगैरे. यांची नशा होत नाही, तलफ येत नाही. परिणाम यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, उलट थोडी जास्त अस्वस्थता असं होऊ शकतं. पॅनिकचा पेशंट आधीच शरीराकडे डोळे लावून बसलेला असतो, तो घाबरून तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो. म्हणून आम्ही अगदी कमी डोसने सुरू करतो आणि असं होईल हे आधीच सांगतो. बरं वाटायला लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. त्या पण एकदम बंद करायच्या नसतात, गरगरणं, चिडचिड, झोपेची गडबड होते, त्याला लोक सवय समजतात.

खडीसाखर (मंगळवार, रात्री १०.०२)

माझ्या वडिलांना ती पहिल्या जातीची होती. झोप येत नाही म्हणून कुणीतरी सुरू केली आणि नऊ वर्षं मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. गावाला गेलो असताना चार दिवस मिळाली नाही तेव्हा काय हाल झाले ते मी बघितलेत. मला वाटायचं सगळ्या गोळ्या तशाच. हा फरक आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. माझं वरचं वाक्य मागे घेतो.

आजीचीगोधडी (बुधवार, सकाळी ६.५०)

मी ५३ वर्षांची. एक काळजीचं सांगते, कुणी घाबरू नका. माझ्या धाकट्या दिरांना छातीत भरून आलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले की टेन्शनचं आहे, होईल कमी, आणि दोन तास घरी बसले. तो हार्ट अटॅक होता. वाचले, पण उशीर झाला होता. तेव्हा प्रत्येक धडधड पॅनिक समजू नका. आणि मलाही हल्ली रात्री एकदम गरम होऊन धडधडतं, ते काय समजायचं?

आडवाट_डॉक्टर (बुधवार, सकाळी ८.१०)

काकू, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. पहिल्यांदा असं झालं तर घरी बसून ठरवायचं नाही, सरळ हॉस्पिटल, नाहीतर १०८ ला फोन. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, ते हातात, जबड्यात, पाठीत जातंय, चालल्यावर वाढतंय, पंधरा-वीस मिनिटं झाली तरी ओसरत नाही, यांतलं काहीही असलं तरी वाट बघायची नाही. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकची लक्षणं पुस्तकातल्यासारखी नसतात कधी कधी, नुसती धाप आणि घाम असतो. म्हणून शेवंतींचा पहिला ईसीजी योग्यच होता, पाचवा नको होता.

पॅनिक म्हणण्याआधी आम्ही थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, हृदयाच्या ठोक्यांची लय, दमा, चालू असलेली औषधं, दारू, चहा-कॉफी हे बघतोच. पाळी जायच्या सुमाराला गरम वाफा आणि धडधड दोन्ही होतात, तुमचं ते असू शकतं, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घ्या.

बाभूळवन (बुधवार, रात्री ११.५५)

माझ्या बायकोला सेम टु सेम आहे. आम्ही कोपरला राहतो, ती ठाण्याला शिकवते. तीन महिने बिनपगारी रजा झालीय. आता निदान झालंय, गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे, थोडं बरं आहे, पण गाडीत बसायचं नाव काढलं की हातपाय गार. मला कळत नाही मी काय करू. समजावलं तर रडते, गप्प राहिलो तर म्हणते तुला काही पडलेली नाही. अटॅक आला की मी पाणी देतो, पाठ चोळतो, काही नाही होणार म्हणतो, रिक्षा बोलावतो. बरोबर करतोय का चूक?

शेवंती (गुरुवार, सकाळी १०.४०)

दादा, तुमचं वाचून माझ्या नवऱ्याची आठवण झाली, तो पण बिचारा असाच रिक्षा बोलवायचा. थेरपीत काय झालं ते सविस्तर लिहिते, त्यात तुमचं उत्तर येईल.

गोळ्यांनी माझी धार बोथट केली, पण आयुष्य परत दिलं ते सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या बोलण्याच्या थेरपीने. चौदा सेशन झाली, आठवड्याला एक. पहिल्या दोन सेशनला मी आणि माझ्या थेरपिस्टबाईंनी फक्त एक गोल काढला. छातीत धडधड, मग मनात "हार्ट अटॅक", मग भीती, मग भीतीमुळे आणखी धडधड, मग "बघ, खरंच हार्ट अटॅक". डेव्हिड क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली ही मांडणी केली असं त्यांनी सांगितलं. धडधड सगळ्यांनाच होते, जिना चढल्यावर होते, आपण तिचा अर्थ लावतो मरण असा, आणि त्या अर्थावर हे चक्र फिरतं.

तिसऱ्या सेशनपासून खरी परीक्षा. त्यांनी मला मुद्दाम ती लक्षणं आणायला लावली. फिरत्या खुर्चीवर बसवून मिनिटभर गरगर फिरवलं. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. जागच्या जागी पळायला लावलं, मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. (हे घरी मनाने करू नका, मला दमा नाही, हृदय तपासलेलं होतं, प्रेग्नन्सी नव्हती, हे सगळं विचारून मग केलं.) जोरात श्वास घेतल्यावर त्याच मुंग्या, तेच पाण्याखालचे आवाज, हुबेहूब गाडीतल्यासारखे. मी ओरडले, तेच आहे, तेच आहे हे! त्या शांतपणे म्हणाल्या, आणि आत्ता हे कुणी आणलं? मी आणलं होतं, श्वासाने. आणि दोन-तीन मिनिटांत गेलं पण. अकरा महिने ज्याला यम समजत होते ते मी खुर्चीत बसून मिनिटात तयार करू शकत होते. त्या दिवशी घरी चालत गेले, पूल ओलांडून.

मग शिडी केली. एका कागदावर दहा पायऱ्या, सगळ्यात सोपी खाली. पहिली, स्टेशनवर जाऊन दोन लोकल फक्त बघायच्या. दुसरी, डोंबिवली ते कोपर नवऱ्याबरोबर. तिसरी, तेच एकटीने. मग दिवा, मग मुंब्रा, मग तो मुंब्रा-कळव्यामधला पट्टा, मग ठाणे, मग फास्ट. नियम असा की भीती टोकाला असताना उतरायचं नाही, ती आपोआप खाली येईपर्यंत बसायचं. कारण टोकाला असताना उतरलं तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. रिक्षा बोलावली म्हणून वाचलो. बाटली होती म्हणून वाचलो. दादा, तुमचं उत्तर इथे आहे. तुमची रिक्षा म्हणजे माझी पाण्याची बाटली आहे. त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली, आधी ओआरएस, मग बाटली, सगळ्यात शेवटी फोन बॅगच्या तळाशी. फोनच्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते, खरंच.

अटॅकच्या वेळी तुम्ही तिथेच बसा, तुमचा आवाज हळू ठेवा, "ही लाट आहे, ओसरेल, मी इथे आहे" एवढं पुरे. "काही नाही होणार" नका म्हणू, तिला वाटतं तिचं कुणी ऐकतच नाही. "काहीही होत नाहीये तुला" तर अजिबात नको. बाहेर सोडायचा श्वास लांब करायला सांगा, पण श्वास मोजणं हीच नवी बाटली व्हायला नको हे पण लक्षात ठेवा. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका, व्हिडिओत दाखवतात, डॉक्टर आता नको म्हणतात.

चहा पण. मी दिवसाला सात कप प्यायचे, ऑफिसच्या मशीनचा धरून. आता दोन.

पाणंद (गुरुवार, दुपारी ३.१५)

वाचून आनंद होतोय पण मनात येतं की हे सगळं मुंबई-पुण्याला. आमच्याकडं तालुक्याला सायकॅट्रिस्ट नाही, जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवस आणि शेतातली मजुरी बुडवून. आणि तिथं कुणी ओळखीचं दिसलं तर गावभर "येड्याच्या डॉक्टरकडं गेलता". माझ्या भावाला मागच्या पावसाळ्यापासून हेच आहे, सोयाबीन गेलं त्या वर्षी. देवऋष्याकडं दोनदा नेलं घरच्यांनी.

आडवाट_डॉक्टर (गुरुवार, रात्री ८.४५)

पाणंद, तुमचं दुखणं खरं आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. पण दोन वाटा आहेत. टेलिमानस म्हणून केंद्र सरकारची फोन सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे डॉक्टरांशी जोडतात. शेताच्या बांधावरून फोन करता येतो, कुणाला दिसत नाही. दुसरं, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तपासणी फुकट होते आणि एसएसआरआयपैकी एखादी गोळी बऱ्याचदा तिथेच मिळते. पुढच्या वेळी दर महिन्याला यावं लागू नये म्हणून दोन महिन्यांची मागा, डॉक्टरांना अडचण सांगा, बरेच जण ऐकतात. देवऋष्याकडे नेलं म्हणून घरच्यांशी भांडू नका, ते घाबरलेत. फक्त भाऊ दारू पितोय का बघा. अटॅक दाबायला अनेक जण रात्रीची सुरू करतात, त्या रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या सकाळी उतरताना धडधड दुप्पट होते. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

पाणंद (गुरुवार, रात्री ९.३०)

पितो. तुम्ही बरोबर धरलं. उद्या लावतो फोन, मी स्वतः बसून.

टेम्सकाठी (शुक्रवार, पहाटे ४.२०)

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी. इथे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, न जाता थेट एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजला स्वतः नाव नोंदवता येतं. मी एमएसला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सुरू झालं, ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत. वेटिंग होतं पण सीबीटी फुकट मिळाली. एक अडचण आली ती सांगतो, इंग्रजीत मला "जीव कासावीस होतो" सांगताच येईना. हार्ट रेसिंग म्हटलं की त्यात तो जीव येत नाही. मग मी मराठीतच एक वही लिहायला लागलो, कुठे झालं, मनात काय आलं, किती वेळात गेलं, आणि सेशनला ती बघून सांगायचो. त्या वहीने मला निम्मं बरं केलं.

सुरपारंब्या (शुक्रवार, दुपारी १२.१०)

विचारू की नको कळत नव्हतं. मी २६, गोळी चालू आहे चार महिने, अटॅक जवळजवळ बंद. घरी स्थळं बघतायत, आई म्हणते गोळी बंद कर आणि सांगायचं नाही कुणाला. मी काय करू?

आजीचीगोधडी (शुक्रवार, दुपारी १.०५)

बाळा, गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नकोस, आईला तुझ्याबरोबर एकदा ओपीडीत ने. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण माझ्या घरात सून येणार असेल आणि तिने आधी सांगितलं तर मला तिचा अभिमान वाटेल. नंतर मूल हवं असेल तेव्हाही गोळी मनाने थांबवायची नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं, एवढं लक्षात ठेव.

गवतीचहा (शुक्रवार, रात्री १०.३०)

काल बायकोला सांगितलं. ती म्हणाली, खुर्चीत झोपायचास तेव्हा मला वाटायचं तुला माझ्याजवळ झोपायचं नाहीये. चार महिने तिने हे मनात ठेवलं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, दोघं जातोय.

बाभूळवन (तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ९.१५)

अपडेट देतो. थेरपी सुरू केली, शिडी केली, आज एकटीने कोपर ते ठाणे होतं. मी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो पण फोन करायचा नाही असं आमचं ठरलेलं. गाडी आली, ती उतरली नाही. मी खिशातला फोन हातात घेऊन पाच मिनिटं नुसता उभा, बोट नंबरवर. नाही केला. पुढच्या गाडीतून उतरली. मुंब्र्याला उतरली होती, बाकड्यावर बसली, आणि अकरा मिनिटांनी स्वतःच मागची गाडी पकडली म्हणाली. ती नाराज आहे, म्हणते आजची पायरी फेल गेली. फेल धरायची का?

शेवंती (गुरुवार, रात्री ९.२८)

अजिबात नाही! मागची गाडी कुणी सांगितल्याशिवाय पकडली ना तिने? मी मुंब्र्याला उतरले होते तेव्हा रिक्षा करून घरी गेले होते आणि पुढचे सोळा दिवस स्टेशनला फिरकले नव्हते. तिला सांगा उद्या तीच गाडी, तोच डबा, सुट्टी घेऊ नका मध्ये. आणि तुम्ही उद्या ठाण्याला नका थांबू, ऑफिसला जा.

बाभूळवन (गुरुवार, रात्री ९.३१)

तिला वाचून दाखवलं. म्हणतेय मी जाईन, पण यांना आधी सांगा ऑफिसला जायला.